येऊन राहिले

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातला ढंग तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी वीसएक वर्षं शिकवणी घेतली, दहा मिनिटांत माझी हजेरीसुद्धा संपत नाही. त्यामुळे थोडं जास्त झालं तर सांभाळून घ्या. मागे स्पीकर लावणाऱ्या दोघांना मी पाढे शिकवलेत, ते माझा माईक बंद करणार नाहीत अशी खात्री आहे.

मला विषय दिलाय 'ठाण्यात रुळताना'. हा विषय ऐकून मला पहिल्यांदा आठवला तो आमचा कूलर. जुन्या मंडळींना हसू आलेलं दिसतंय. नव्यांना सांगते.

२००० सालचा मे महिना. आम्ही अमरावतीहून इथे आलो. ह्यांना विक्रोळीच्या एका कंपनीत नोकरी लागली होती आणि वर्तकनगरच्या या बाजूला, येऊरच्या पायथ्याशी, आपल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. मी तिकडे शाळेत शिक्षिका होते. नऊ वर्षं झाली होती, कायम झाले होते. ती नोकरी सोडून मी आले. खुशीत आले असं काही मी म्हणणार नाही. निघताना मी ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, 'पाच वर्षं. पाच वर्षांनी परत जायचं.' ते म्हणाले, 'बरं.' त्यांच्या 'बरं'ला दोन अर्थ असायचे, ते मला तेव्हाही माहीत होतं.

टेम्पोत सामान किती? लोखंडी पलंग, शिलाई मशीन, पुस्तकांच्या दोन पेट्या आणि कूलर. चांगला पुरुषभर उंचीचा, पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्या लावलेला. तिकडे मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो. कूलरशिवाय उन्हाळा म्हणजे काय, ते तिकडच्यांनाच माहीत. आपल्या लिफ्टचं लायसन तेव्हा यायचं होतं, म्हणून चार माणसांनी तो खांद्यावरून चौथ्या मजल्यावर चढवला. खिडकीला लावला, टाकी भरली, आणि मी मोठ्या ऐटीत बटण दाबलं.

अर्ध्या तासात चादर ओली. काडेपेटीच्या काड्या पेटेनात. घाम होता तसाच, वर दमट वारा. मला वाटलं मोटर बिघडली. दुसऱ्या मजल्यावर कॉलेजात फिजिक्स शिकवणारे सर राहायचे, ते आले, बघून हसले आणि म्हणाले, 'वहिनी, कूलर बरोबर आहे, हवा चुकीची आहे.' मग त्यांनी समजावून सांगितलं. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेतं, म्हणून वारा गार होतो. तिकडची हवा कोरडी, ती पाणी पटापट पिते. इथली हवा खाडीच्या आणि समुद्राच्या काठची, आधीच पाण्याने भरलेली. तिला अजून पाणी नकोच असतं. माझा माठही त्याच कारणाने इथे तिकडच्यासारखा गार होईना.

तर ठाण्यातला माझा पहिला शोध हा. मी जे गार व्हायला आणलं होतं, त्याने इथे गार होत नाही.

मग कूलर गच्चीच्या जिन्यात गेला. आणि तेव्हाच्या सेक्रेटरींची पहिली नोटीस आली : 'जिन्यातील खासगी सामान सात दिवसांत हलवावे.' मी मनात म्हटलं, पाच वर्षांनी हलवणारच आहे की! पुढच्या वर्षी तीच नोटीस, त्याच्या पुढच्या वर्षीही तीच. त्या सगळ्या माझ्याकडे फाईलला लावलेल्या आहेत. आज प्रदर्शनात ठेवायला मागितल्या होत्या, मी दिल्या नाहीत.

वाळ्याच्या ताट्या मात्र वाया गेल्या नाहीत. नव्याच होत्या. मी त्या सोडवून वाळ्याच्या लहान लहान जुड्या बांधल्या, एक माठात टाकली, एक कपाटात ठेवली आणि उरलेल्या शेजारी वाटल्या. या इमारतीत माझी पहिली ओळख झाली ती अशी, जुड्या वाटत दारोदार फिरताना.

आता दुसरी गोष्ट, माझ्या बोलण्याची.

तळमजल्यावर मालवणकडच्या आजी होत्या. आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असतील. त्यांनी एकदा खालून हाक मारली, 'अगो, चहा टाकलाय, येतेस ना?' मी वरून ओरडले, 'हो, येऊन राहिली!' आमच्याकडे याचा अर्थ 'येतेच आहे' एवढाच. मी खाली पोचले तर आजी गंभीर चेहऱ्याने दारात. म्हणाल्या, 'येऊन राहिलीस म्हणजे? किती दिवस राहणार? घरी भांडलीस काय?'

त्या दिवशी आम्ही दोघी एवढ्या हसलो की चहा उतू गेला. मग त्यांनी मला ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. पुढे कधीही हाक मारली की त्याच विचारायच्या, 'काय गो, येऊन राहिलीस?'

पण हसणं एकीकडे. खरं सांगते, सुरुवातीला मला बोलायचीच भीती वाटायची. वर्गात चाळीस-चाळीस पोरांना मराठी शिकवणारी बाई मी, आणि इथे भाजीवाल्यासमोर माझी मराठी थांबायची. एकदा मी म्हटलं, 'भाऊ, सांबार द्या दहा रुपयांचा.' त्याने समोरच्या किराणा दुकानाकडे बोट दाखवलं, 'मसाला तिकडे मिळंल, ताई.' मला हवी होती कोथिंबीर. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. मग मी कोहळं मागितलं. मला भाजीचा लाल भोपळा पाहिजे होता, त्याने पांढरा, पेठ्याचा कोहळा उचलून दाखवला. बरबटी मागितली, त्याने मान हलवली. तिला इथे चवळीच्या शेंगा म्हणतात हे मला महिन्याने कळलं. गोडलिंब म्हटलं तर तो म्हणाला, 'लिंबू गोड कसं असंल?' त्याच्यासमोरच कढीपत्त्याची जुडी पडलेली होती.

घरी येऊन मी एक वही केली. मास्तरणीची सवय, दुसरं काय! मधे रेघ मारून दोन रकाने. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे इथला. सांबार – कोथिंबीर. आलू – बटाटा. फल्लीदाणे – शेंगदाणे. चून – पिठलं. हे बघून हसले. म्हणाले, 'परदेशात आलीस का?' मी म्हटलं, 'पाच वर्षांसाठी आली आहे, तोवर उपाशी नको राहायला.'

त्या वहीत डावीकडे शब्द होता पण उजवीकडे काही नाही, अशाही जागा होत्या. आणि उजवीकडे शब्द पण डावीकडे काहीच नाही, अशाही. पावसाळा आला आणि तो उजवा रकाना भराभर वाढायला लागला.

पावसाबद्दल मी काय सांगू! आमच्याकडे पाऊस येतो, दणकून पडतो आणि निघून जातो. इथला पाऊस येऊन राहतो. हा तुमचा अर्थ झाला बरं का, येऊन राहतो! पहिल्या जुलैत मिठाच्या बरणीत पाणी सुटलं, पापड वातड झाले, ह्यांच्या चपलेवर बुरशी आली, आणि धुतलेला टॉवेल चौथ्या दिवशी वाळला. मी रडकुंडीला आले. आजी वर आल्या. मिठाच्या बरणीत मूठभर तांदळाचे दाणे घातले, पापड पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात हलवले, घरात दोऱ्या बांधायला लावल्या आणि म्हणाल्या, 'पावसाशी भांडू नये गो, तो आपल्यापेक्षा जुना.'

त्याच वर्षी पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला त्यांच्याबरोबर बाजारात गेले. रस्त्याच्या कडेला येऊरच्या पाड्यांवरच्या बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. टोपलीत लांब, तपकिरी, कोंबासारखं काहीतरी. आजी म्हणाल्या, 'शेवळं.' त्याच्याबरोबर हिरवी लहान फळंही घेतली, काकडं. मी विचारलं, ही कशाला? तर म्हणे शेवळं नुसती केली तर घशाला खाज सुटते, काकडं घातली की जाते. मला त्याची गंमत वाटली. जंगलात दोन्ही वेगळी उगवतात, पण विकणारी बाई एक घेतलं की दुसरं देतेच. माझ्या वहीत उजवीकडे दोन शब्द चढले. डावीकडे रिकामं.

आणि मग तो दिवस. जुलैचे पहिले दिवस असतील. त्याच ठिकाणी, तशीच एक बाई, टोपलीत कोवळ्या पानांच्या जुड्या. मी सहज विचारलं, 'ही कोणती?' ती म्हणाली, 'टाकळा.' मी जुडी हातात घेतली. पान चुरगाळलं, वास घेतला आणि तिथेच उभी राहिले.

तो तरोटा होता.

आमच्याकडे पहिला पाऊस पडला की बांधावर, पडक्या भिंतीशी, शाळेच्या मागे, जिकडे तिकडे तरोटा उगवतो. माझी आई कांदा आणि लसूण घालून ही भाजी करायची, भाकरीबरोबर. विकत घ्यायची ती भाजीच नव्हे, खुडून आणायची. गेले दोन महिने मी एकेक शब्द इथला लिहून घेत होते, आणि हे पान मात्र माझं होतं. नाव तेवढं दुसरं लावून इथे आलं होतं. मी त्या बाईला म्हटलं, 'आमच्याकडे याला तरोटा म्हणतात.' तिला काही विशेष वाटलं नाही. तिने दोन जुड्या दिल्या, पैसे घेतले, आणि म्हणाली, 'काय पण म्हणा, भाजी तीच.'

मंडळी, मी पुस्तकं पुष्कळ वाचली, पण इतकं सरळ मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिच्याच टोपलीत काटवल दिसलं. इथे त्याला कंटोली म्हणतात. त्या दिवशी मी घरी येऊन वहीत लिहिलं, तरोटा – टाकळा, काटवल – कंटोली, आणि ह्यांना सांगितलं, 'हा डोंगर बरा आहे.' ठाण्याबद्दल मी केलेलं ते पहिलं कौतुक.

मग पाय घराबाहेर पडायला लागले. लोकलने पहिल्यांदा एकटी गेले ते दादरला, आणि येताना ठाणं आलं तरी दारापर्यंत पोचताच आलं नाही. गाडीने मला थेट डोंबिवलीला नेलं. बाजूच्या बाईने शांतपणे सांगितलं, 'भांडुप मागे पडलं की उठायचं, ठाणं दिसल्यावर नाही.' हे कुठल्या टाइमटेबलमध्ये छापलेलं नसतं. तसंच, घाई नसेल तर ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडायची, बसायला मिळतं, हेही मी अशाच एका अनोळखी बाईकडून शिकले. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली, हे मी पोरांना शिकवलेलं होतं. पण त्या गाडीतल्या लोकांना ठाण्याला आरामात उतरता आलं असणार, हा विचार मला डोंबिवलीच्या फलाटावर सुचला.

असे लहान लहान शोध. तलावपाळीच्या कठड्यावर संध्याकाळी बसायला पैसे पडत नाहीत, आणि कौपिनेश्वराची घंटा तिथवर ऐकू येते. गडकरी रंगायतनमध्ये बाल्कनीच्या तिकिटातही नट तेवढाच रडतो. बुधवार, शुक्रवार, रविवार हे वार मला कॅलेंडर न बघता जिन्यातल्या वासावरून कळायला लागले. पहिल्या वर्षी मी खिडकी लावून घ्यायची, दुसऱ्या वर्षी नुसतं म्हणायची, 'आज आजींकडे बोंबील.' आणि एकदा मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावरून बसने जाताना खाडीच्या चिखलात लांबवर गुलाबी पट्टा दिसला. हे म्हणाले, 'एवढे कपडे कोणी वाळत घातले?' कंडक्टर म्हणाला, 'पक्षी आहेत साहेब, फ्लेमिंगो. थंडीत येतात, मेपर्यंत असतात.' त्या बसमध्ये आम्ही दोघंच उभे राहून बघत होतो, बाकीचे झोपलेले. तेव्हा कोणी फारसं बोलत नसे त्यांच्याबद्दल. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हा हे पेपर घेऊन आले आणि म्हणाले, 'आपले कपडे सरकारने नोंदवले.'

आणि एक शोध माझा एकटीचा. स्टेशनजवळ मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ सालचं. मी तिथे वर्गणी भरली आणि पावती हातात घेतली. तीवर माझं नाव होतं आणि खाली ठाण्याचा पत्ता. रेशनकार्ड ह्यांच्या नावाचं, फ्लॅट ह्यांच्या नावाचा, लाइटचं बिल ह्यांच्या नावाचं. माझं नाव आणि ठाणं एका कागदावर आलेलं ती पहिलीच वेळ. नोकरी सोडल्यापासून माझ्या नावाने कोणी काही लिहिलंच नव्हतं. ती पावती मी त्या वहीत ठेवली. अजून आहे.

त्यानंतरच मी शिकवणी सुरू केली. आधी तीन मुलं, मग अकरा. बाकीचं इथे बसलेलेच सांगतील, मी नाही सांगत.

आता २६ जुलै. २००५ सालचा तो मंगळवार. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की लाइट नाही, फोन लागत नाहीत, आणि हे विक्रोळीहून आलेले नाहीत. आपल्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, तळमजल्याच्या घरांत पाणी शिरलेलं. आजींना आम्ही दोघी-तिघींनी हात धरून वर आणलं, माझ्याकडे. लाइट नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून वरच्या टाकीत पाणी नाही. बाहेर आभाळ फाटलेलं आणि नळाला थेंब नाही!

रात्री नऊच्या सुमाराला फिजिक्सचे सर वर आले, हातात टॉर्च. म्हणाले, 'वहिनी, तुमच्या कूलरची टाकी गळते का?'

मी दर वर्षी तिला आतून डांबर लावत होते. परत न्यायचा होता ना कूलर! तेव्हा गळायचा प्रश्नच नव्हता. सगळ्यांनी मिळून तो जिन्यातून गच्चीवर ओढला, वरचा पत्रा आणि पंखा काढला, आणि टाकी पन्हाळीच्या तोंडाखाली लावली. बघता बघता भरली. रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस पोरं बादल्या भरून मजल्यामजल्यावर नेत होती. पिण्याचं नव्हे, पण बाकीचं सगळं त्या पाण्यावर निभावलं. पाच वर्षं नोटिसा खाल्लेला माझा कूलर, त्याने इमारतीला पाणी दिलं. आणि नोटीस काढणारे सेक्रेटरी स्वतः दोन बादल्या घेऊन रांगेत उभे होते. मी एक शब्द बोलले नाही. नुसती बघत राहिले.

त्या रात्री मी चून आणि भाकरी केली, आजी आणि वर आलेल्या सगळ्यांसाठी. आजींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, 'अगो, हे तर पिठलं!' मी म्हटलं, 'काय पण म्हणा, भाजी तीच.' मग त्या एकदम म्हणाल्या, 'उद्या बुधवार हो,' आणि त्या तसल्या अंधारात सगळे हसले. मी हसत होते, पण कान जिन्याकडे होते. आजींना ते कळलं. त्या रात्रभर माझ्याबरोबर जाग्या राहिल्या. इकडचं तिकडचं बोलत राहिल्या, धीर देतो असं एकदाही न म्हणता.

हे सकाळी साडेसातला आले. हायवेवरून चालत, चपला हातात. दार उघडलं तर घरात चौदा माणसं झोपलेली. हे दारातच थांबले आणि हळूच म्हणाले, 'आपलंच घर ना?'

त्याच वर्षी पाच वर्षं भरली होती. दिवाळीनंतर ह्यांनी विचारलं. त्यांना नागपूरला एक जागा मिळत होती. त्यांनी शब्द पाळला होता, मला कबूल केलं पाहिजे. म्हणाले, 'तू म्हणशील तसं. जायचं का?' मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत मी ती वही काढून वाचली. उजवा रकाना डाव्याएवढाच झाला होता. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, 'पोरांच्या परीक्षा होऊन जाऊ द्या.' हे म्हणाले, 'बरं.' परीक्षा दर वर्षी येतच राहिल्या. आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही.

२०१९ मध्ये हे गेले. तुम्ही सगळे होतात, त्याबद्दल मी बोलत नाही.

पुढे माझा भाऊ न्यायला आला. म्हणाला, 'ताई, आता तिथे एकटीनं काय करणार? आपल्या माणसांत चल.' त्याचं चुकलं नव्हतं. मी गेले. मनात होतं की कदाचित तिकडेच राहावं. फ्लॅटचं काय करायचं, तेही मनात घोळत होतं. माहेर, अंबादेवी, जुन्या मैत्रिणी, सगळं जवळ. दोन महिने राहिले. एक दिवस इतवाऱ्यात भाजीला गेले आणि भाजीवालीला म्हटलं, 'दहाची कोथिंबीर दे ग.' ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, 'बाई, मुंबईच्या का तुमी? आमच्या इथं सांबार म्हणतेत त्याले.'

मी सांबार घेतला आणि घरापर्यंत चालत आले. रस्ताभर मला एकच वाटत होतं की हे आजींना सांगितलं पाहिजे. आजी तर त्याच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या. पण सांगायचं म्हटल्यावर मला आठवला तो आपला जिना. भावाचं घर प्रेमाचं होतं, आजही आहे. पण गंमत घडली तर ती घेऊन ज्या दाराशी जायचं, ती दारं इथे होती.

मी भावाला सांगितलं, 'मी जाते.' त्याने विचारलं, 'कुठे?' माझ्या तोंडून निघालं, 'घरी.' त्याला वाईट वाटलं असणार, मलाही वाटलं. पण शब्द निघून गेला होता.

सकाळी इथे उतरले. वॉचमनने बॅग उचलली. तळमजल्यावर आजींच्या सूनबाई दारातच होत्या. त्यांनी मला आत जाऊ दिलं, कुलूप उघडू दिलं, पंखा लावू दिला. आणि पाच मिनिटांनी खालून हाक, 'काकू, चहा टाकलाय, येताय ना?'

मी वरून ओरडले, 'हो, येऊन राहिली!'

खाली कोणीतरी हसलं. मीही हसले. आणि जिना उतरताना लक्षात आलं की या खेपेला त्या वाक्याचे दोन्ही अर्थ खरे आहेत. आमच्या तिकडचाही आणि तुमच्या इकडचाही.

एवढंच सांगायचं होतं. आता एक विनंती, आणि मग बसते. बी विंगमध्ये गेल्या महिन्यात तीन नवी कुटुंबं आली आहेत. एक सोलापूरकडचं, एक बिहारचं, एक केरळचं. त्यांच्याकडे आपण मेंटेनन्सचं बिल पाठवलं, पार्किंगचे नियम पाठवले. पावसाळ्यात मिठात तांदळाचे दाणे घालायचे, हे त्यांना अजून कोणी सांगितलं आहे का? जरा दार वाजवून सांगा. आणि त्यांच्याकडे टाकळ्याला काय म्हणतात ते विचारून या. माझी वही अजून चालू आहे, तिसरा रकाना आखायला जागा आहे.

आणि हो, कूलर. पंखा भंगारात गेला, पत्रा गेला, टाकी मात्र गच्चीवर आहे. आजींनी तिच्यात अळूचे कांदे लावले होते, ते दर पावसाळ्यात फोफावतात. ज्याला हवा त्याने न्यावा, विचारायची गरज नाही. फक्त सेक्रेटरीसाहेब, 'गच्चीवरील खासगी सामान हलवावे' अशी नोटीस काढू नका. ते सामान आता खासगी राहिलेलं नाही.